कालथा बाजूला ठेवा: इंडोनेशियन पॅनकेक घरच्या घरी

धिरडं घातलं की आपला हात आपोआप कालथ्याकडे जातो. कडा सुटल्या, उलटलं, दुसरी बाजू भाजली, झालं. इंडोनेशियातले पारंपरिक पॅनकेक करायचे असतील तर ही सवय आवरावी लागते. जावातली सेराबी, बालीतलं लाकलाक, रस्त्यावरचा जाडजूड मार्ताबाक मानिस, हिरवा दादार गुलुंग, पातळ कुरकुरीत लेकेर हे सगळे एकाच बाजूने भाजले जातात. खालून आच आणि बहुतेकांना वरून झाकण. पिठाचा वरचा भाग वाफेवर शिजतो आणि तिथेच जाळी पडते. ती जाळी पुढे नारळाचं दूध, काकवीसारखा पाक किंवा वितळलेलं लोणी शोषून घेते. उलटलंत तर भोकं दाबली जातात आणि पदार्थाचा जीवच जातो.

म्हणून या लेखात मी पाककृतींच्या बरोबरीने आच आणि झाकण यांबद्दल बरंच लिहिणार आहे. साहित्य आपल्याकडे जवळजवळ सगळं मिळतं. बिघडतं ते तव्यावर.

आधी साहित्याचं बोलू

तांदळाची पिठी हा पाया. उकडीच्या मोदकांसाठी आणलेली चिकट तांदळाची पिठी इथे नको, सेराबी गिळगिळीत होते. कोलम किंवा घावनाला वापरतो तसा जुना तांदूळ चार तास भिजवून, निथळून, सावलीत अर्धवट वाळवून दळलेली पिठी सर्वात उत्तम. तेवढा उटारेटा शक्य नसेल तर दुकानातली बारीक पिठी चालेल, मात्र ती जास्त कोरडी असते, त्यामुळे द्रव थोडा वाढवावा लागतो.

नारळाचं दूध ताजं काढलंत तर पहिलं दाट आणि दुसरं पातळ असं वेगळं ठेवा. पातळ दूध पिठात जातं, दाट दूध वर ओतायला किंवा पाकाला. डब्यातलं दूध वापरणार असाल तर पिठासाठी त्यात निम्मं पाणी घाला. तसंच दाट वापरलं तर तेल सुटतं आणि पीठ जड होऊन जाळी बसते.

गूळ हा त्यांचा माडाचा किंवा आरेन नावाच्या ताडवर्गीय झाडाचा. जावात त्याला गुला जावा म्हणतात. गडद तपकिरी, किंचित धुरकट वासाचा. कोकणात किंवा गोव्यात माडाचा गूळ मिळाला तर दुसरं काही शोधू नका. नाहीतर ताडगूळ किंवा खजुराचा गूळ घ्या. उसाचा गूळ चालतो, पण पिवळाधमक नको, काळपट, सेंद्रिय घ्या. चव तरीही थोडी वेगळी येणार हे मनात धरा.

राहिलं पांदान. ही लांब, तलवारीसारखी हिरवी पानं जवळपास प्रत्येक गोड पदार्थात असतात. आपल्याकडे साध्या भाताला आंबेमोहोरासारखा वास यावा म्हणून काही घरांत कुंडीत जी पात लावतात, ती हीच. रोपवाटिकेत अन्नपूर्णा या नावानेही मिळते. केवडा हा तिचा नातेवाईक, पण वास अगदी निराळा, त्यामुळे केवड्याचं पाणी पर्याय म्हणून घालू नका. पात मिळाली नाही तर सरळ वगळा. हिरव्या रंगासाठी जावात आणि बालीत सुजी नावाच्या झाडाची पानंही वाटून घेतात. आपल्या रव्याशी त्याचा काही संबंध नाही.

सेराबी: इथूनच सुरुवात करा

मध्य जावातल्या सोलो शहरात नोतोसुमान भागातली सेराबी प्रसिद्ध आहे. तिथल्या जुन्या दुकानाची सुरुवात १९२३ सालची. करण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. कोळशाच्या शेगड्यांची रांग, प्रत्येकीवर तळहाताएवढी खोलगट कढई. करणारी बाई एक पळी पीठ ओतते आणि पळीच्या पाठीने ते कढईच्या भिंतीवर हलकेच चढवते. तो पातळ थर लगेच सुकून कुरकुरीत कड बनतो. मध्ये जाड, मऊ भाग राहतो. त्यावर दाट नारळाच्या दुधाचा एक चमचा, मग झाकण. तयार सेराबी गरम असतानाच गुंडाळून केळीच्या पानात बांधली जाते. या सोलो पद्धतीत पाक नसतो. दुधाची खारट-गोड साय हेच तिचं सर्वस्व.

घरी दहा-एक सेराबींसाठी २०० ग्रॅम तांदळाची पिठी, ५० ग्रॅम मैदा, ४०० मिली पातळ नारळाचं दूध, दोन मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घ्या. मैद्यामुळे गुंडाळताना सेराबी तुटत नाही. पूर्ण तांदळाचीच करायची तर खुशाल करा, फक्त गुंडाळायच्या भानगडीत पडू नका.

१. दूध कोमट करा. बोट घातलं तर सुखावह वाटेल इतकंच. उकळतं दूध यीस्ट मारून टाकतं.

२. दोन्ही पिठं, साखर, मीठ, यीस्ट एकत्र करून दूध थोडं थोडं घाला आणि हाताने फेटा. जावात पूर्वी यीस्टशिवाय, नुसत्या हाताने बराच वेळ थापटून पिठात हवा भरत. यीस्ट असलं तरी दहा मिनिटं हात चालवा, जाळीत फरक दिसतो.

३. झाकून तासभर ठेवा. थंडीत दीड तास. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आले की तयार. या वेळी पीठ घावनापेक्षा घट्ट आणि इडलीपेक्षा बरंच सैल हवं. पळीतून सलग धार पडली पाहिजे. जास्त घट्ट वाटलं तर ५० मिलीपर्यंत कोमट पाणी घाला.

४. तेवढ्यात वर घालायचं दूध, म्हणजे आरेह, करून घ्या. २०० मिली दाट दूध, एक छोटा चमचा तांदळाची पिठी, एक मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ, पांदानचं गाठ मारलेलं पान. मंद आचेवर सतत ढवळत दाट करा. उकळी फुटू देऊ नका, दूध फाटतं.

५. लहान लोखंडी कढई किंवा बिडाचं कढलं मध्यम आचेवर नीट तापवा. तेलाचं बोट फिरवून पुसून काढा. तेल जास्त झालं तर पीठ भिंतीला धरत नाही आणि कुरकुरीत कड येत नाही.

६. पीठ ढवळून एक पळी ओता. चुर्र असा आवाज यायलाच हवा. लगेच कढई गोल फिरवून पीठ भिंतीवर चढवा. झाकण घालू नका.

७. अर्ध्या-पाऊण मिनिटात वर भोकं उघडू लागतील. ती उघडून तशीच राहिली, म्हणजे पीठ परत त्यात वाहून आलं नाही, की मध्ये एक मोठा चमचा आरेह घाला, आच मंद करा आणि झाकण ठेवा.

८. दोन-तीन मिनिटांनी कड तांबूस होऊन सुटते. सुरीने सोडवून काढा.

सहाव्या आणि सातव्या पायरीत सगळी परीक्षा आहे. झाकण आधीच घातलं तर वाफेने वरचा थर लगेच बांधला जातो, बुडबुडे आत अडकतात आणि सेराबी गुळगुळीत, ठोंब्यासारखी होते. भोकं उघडलीच नाहीत तर कढई थंड होती किंवा पीठ घट्ट होतं. भोकं पडली पण तळ करपला, तर आच कमी करायला उशीर झाला. पहिली सेराबी बघून पीठ आणि आच जुळवून घ्यायची, मग बाकीच्या सरळ होतात. झाकण मात्र घुमटाकार हवं. सपाट झाकणावरचे थेंब मधोमध टपकतात आणि तिथे ओला डाग राहतो.

मातीचं भांडं वापरणार असाल तर आधी ते तयार करावं लागतं. नवं भांडं धुऊन वाळवायचं आणि त्यात खवलेला नारळ मंद आचेवर काळा होईपर्यंत परतायचा. नारळाचं तेल मातीत मुरतं आणि मग पीठ चिकटत नाही. पश्चिम जावातल्या बांडुंगकडे सुराबी अशाच मातीच्या साच्यांत, लाकडाच्या जाळावर करतात. ती सोलोच्या सेराबीपेक्षा जाड असते, कड नसते, तळाला धुराचा वास असतो. तिच्यावर ओन्चोम नावाचं आंबवलेल्या पेंडीचं तिखट मिश्रण घालतात. ते आपल्याकडे मिळणार नाही आणि त्याला जवळचा पर्यायही मला सापडत नाही. पण त्याच टपऱ्यांवर पीठ अर्धवट शिजल्यावर वर अंडं फोडून झाकण घालतात, तो प्रकार आपल्या कढईत छान होतो. वर मीठ आणि हिरवी मिरची.

किन्चा, म्हणजे सेराबीचा गूळ-नारळाचा रस

सेमारांग शहराच्या दक्षिणेला आम्बारावाजवळ न्गाम्पिन गावी रस्त्याच्या कडेने सेराबीच्या टपऱ्या लागतात. तिथली सेराबी छोटी आणि जाड असते, पांढरी, हिरवी, तपकिरी, आणि ती वाडग्यात गूळ-नारळाच्या रसात बुडवून देतात. कोकणातली खापरोळी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हा वाडगा ओळखीचा वाटेल. आंबवलेली जाळीदार पोळी आणि नारळाच्या दुधात विरघळवलेला गूळ, मांडणी तीच. फरक इतकाच की खापरोळीत उडीद आणि मेथी असते, रसाला वेलचीचा वास असतो, आणि जावात रस गरम करून त्यात पांदान सोडतात.

किन्चासाठी १५० ग्रॅम माडाचा गूळ १०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्या. गाळणं टाळू नका, माडाच्या गुळात तळाला बारीक कचरा असतोच. मग त्यात २५० मिली मध्यम दाट नारळाचं दूध, चिमटीभर मीठ आणि पांदान घालून मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत गरम करा. कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. उसाचा गूळ वापरत असाल तर गुळाचं पाणी आधी थंड करा आणि दूध वेगळं गरम करून नंतर मिसळा, तसं केल्याने फाटण्याची भीती कमी होते. सेराबी कोमट रसात पाच मिनिटं आधी घाला. जास्त वेळ ठेवली की विरघळायला लागते.

लाकलाक: आप्पेपात्रावर

बालीतलं लाकलाक म्हणजे रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून बऱ्यापैकी मोठ्या, पसरट चकत्या. मातीच्या अनेक खळग्यांच्या तव्यावर करतात, वर खवलेला ताजा नारळ आणि गुळाचा दाट पाक. अंडं नाही, दूध नाही, यीस्ट नाही. बाजारात सकाळी खायचा पदार्थ.

आपल्याकडे बिडाचं आप्पेपात्र असेल तर अर्धं काम झालं. २०० ग्रॅम तांदळाची पिठी, अर्धा छोटा चमचा मीठ आणि सुमारे ३५० मिली गरम पाणी. पाण्यात पांदानची सात-आठ पानं वाटून गाळलेला हिरवा रस मिसळा. एकदम सगळं पाणी न घालता आधी घट्ट मळून घ्या, चांगलं तिंबा, मग सैल करा. अर्धा तास ठेवून घालण्याआधी पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. आप्पेपात्र चांगलं तापवून प्रत्येक खळगा तिसरा हिस्साच भरा. काठोकाठ भरलंत तर आप्पा होईल, लाकलाक नाही. भोकं दिसली की झाकण, दोन मिनिटांत तयार. नारळ खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग घेऊ नका आणि खवल्यावर चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटं वाफवा, म्हणजे तो दिवसभर आंबत नाही. बालीत काळ्या चिकट तांदळाचं लाकलाकही मिळतं, जवळजवळ जांभळं.

दादार गुलुंग आणि गोव्याचं अळेबेळे

हिरवी पातळ पोळी, आत गूळ-खोबऱ्याचं सारण, गुंडाळी करून थंड खायची. गोव्यातलं अळेबेळे याच घडणीचं आहे: पातळ पॅनकेक, आत गूळ-खोबरं. आपल्या मोदकाच्या सारणाचा हात ज्याला आहे त्याला दादार गुलुंगमध्ये नवं शिकायचं थोडंच उरतं.

सारणाला १५० ग्रॅम खवलेला नारळ, १०० ग्रॅम माडाचा गूळ, ५० मिली पाणी, मीठ आणि पांदान. वेलची-जायफळ घालायचा मोह होईल, इथे आवरा. पाणी आटेपर्यंत परता, पण मोदकाच्या सारणापेक्षा थोडं ओलसर ठेवा. थंड झाल्यावर ते आणखी आवळतं.

पोळीसाठी १२५ ग्रॅम मैदा, एक अंडं, ३०० मिली पातळ नारळाचं दूध ज्यात पांदानचा रस मिसळलेला आहे, मीठ आणि एक मोठा चमचा तेल. गाळून अर्धा तास ठेवा. इथे जाळी नको असते, म्हणून तवा मंद तापवा, पीठ पातळ पसरा आणि झाकण घालू नका. वरचा ओलेपणा गेला की काढा. तपकिरी डाग पडला म्हणजे आच जास्त झाली, हिरवा रंगही मळतो. पोळ्या एकावर एक रचताना ताटावर ओलं फडकं झाका. गार झाल्यावर सारण ठेवून दोन्ही बाजू आत मुडपा आणि घट्ट गुंडाळा. अंडं नको असेल तर एक मोठा चमचा तांदळाची पिठी आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर घाला. पोळी थोडी नाजूक होईल, गुंडाळताना सावकाश.

मार्ताबाक मानिस: रात्रीचा राजा

मूळ बांका बेटावरचं. तिथल्या हक्का चिनी समाजाचं होक लो पान. जावाच्या शहरांत पोचल्यावर त्याची कीर्ती झाली, काही भागांत त्याला तेरांग बुलान म्हणतात. संध्याकाळ झाली की हातगाड्या लागतात, जाड बिडाच्या गोल तव्यांवर बोटभर उंचीचे पॅनकेक फुगतात. वर लोणी, चॉकलेटचे बारीक दाणे, भाजलेले शेंगदाणे, तीळ, किसलेलं चीज, कंडेन्स्ड मिल्क. त्याच गाड्यांवर अंडं आणि खिमा भरलेला तळलेला तिखट मार्ताबाकही असतो, त्याची जात निराळी.

मला या सगळ्यांत मार्ताबाकची जाळी सर्वात देखणी वाटते. कापल्यावर आतली उभी भोकं तळापासून वरपर्यंत सलग दिसली पाहिजेत. हे काम सोड्याचं आहे, म्हणून अंडं वगळलं तरी जाळी येते.

२० सेंटिमीटरच्या दोन मार्ताबाकांसाठी २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, एक अंडं आणि ३२५ मिली पाणी. अंडं नसेल तर ५० मिली द्रव वाढवा. निम्मं पाणी घालून घट्टसर पीठ आधी पाच-सात मिनिटं जोरात फेटा, मग उरलेलं पाणी. झाकून तासभर विश्रांती. हा तास वाचवू नका, पीठ ताणलेलं राहिलं तर भोकं नीट उघडत नाहीत.

तवा जाड हवा, बिडाचा असेल तर उत्तम, उभ्या काठाचा. नॉनस्टिक पातळ पॅनमध्ये तळ करपतो आणि वर कच्चं राहतं. तवा मंद-मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा. पिठाचे दोन भाग करा. ज्या भागाचा मार्ताबाक आत्ता घालायचा आहे, त्यातच पाव छोटा चमचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून मिसळा. सगळ्या पिठात एकदम घातला तर दुसऱ्यापर्यंत त्याचा जोर संपतो.

पीठ ओता, पळीच्या पाठीने काठावर पातळ थर चढवा. आता थांबा. आधी कडेने, मग मध्यापर्यंत भोकं उघडतील. सगळीकडे भोकं पडली पण वर अजून ओलसर चकाकी आहे, त्या क्षणी दीड चमचा साखर सगळीकडे भुरभुरवा, आच अगदी मंद करा आणि झाकण घाला. साखर वितळत भोकांत उतरते. तीन-चार मिनिटांत वरचा भाग बोटाला चिकटेनासा होतो.

ताटात काढून लगेच लोणी फासा, हात आखडता घेऊ नका. दाणे, तीळ, चॉकलेट, वरून कंडेन्स्ड मिल्कची धार. मधोमध कापून एक अर्ध दुसऱ्यावर पालथं घाला, बाहेरूनही लोणी लावा, मग तुकडे करा.

बाकीची भावंडं

आपेम जावातल्या विधींशी जोडलेला आहे. नावाने आणि तांदूळ-नारळ आंबवण्याच्या रीतीने तो दक्षिण भारतातल्या अप्पमच्या जवळचा. क्लातेन जिल्ह्यातल्या जातिनोम गावी जावाच्या पंचांगातल्या सापार महिन्यात याकोवियू नावाचा उत्सव होतो, तेव्हा आपेमचे डोंगर रचून गर्दीत उधळतात आणि लोक ते झेलायला धावतात. योग्याकार्ताच्या राजवाड्यात सुलतानाच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनाआधी राणीच्या देखरेखीखाली राजघराण्यातल्या स्त्रिया आपेम करतात. सेराबीचंच पीठ रात्रभर आंबवून, थोडं घट्ट ठेवून घरगुती आपेम जमतो. वाफवलेला आपेमही असतो.

जाकार्तातलं कुए आपे लहान कढईत करतात: मध्ये हिरवा, स्पंजसारखा फुगवटा, भोवती लेससारखी कुरकुरीत झालर. कुए चुबित हे छोटे, अंडी-मैद्याचे, पोफर्त्येस या छोट्या डच पॅनकेकच्या वळणाचे, आणि तेही आप्पेपात्रात होतात. लेकेर पातळ, कडक, आत केळ्याच्या चकत्या आणि चॉकलेट घालून गरम असतानाच दुमडायचा, कारण थंड झाला की मोडतो.

किती टिकतात

सोलोची सेराबी त्याच दिवशी संपवा, वर नारळाचं दूध असतं. उरलीच तर फ्रिजमध्ये न ठेवता ज्यांना गोड आवडतं त्या शेजाऱ्यांकडे पाठवा. फ्रिजमध्ये तांदूळ कडक होतो आणि पुन्हा वाफवला तरी कड परत येत नाही. किन्चा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, गरम करताना परत मंद आच. दादार गुलुंग डब्यात बंद करून एक दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी सारणाचा ओलावा पोळीत उतरतो. मार्ताबाक सकाळी गरम करायचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये रबरासारखा होतो. बिडाच्या तव्यावर, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, तळ पुन्हा कुरकुरीत होतो.